कुठल्या पाण्याचा?



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी पहिली सबब सांगितली ती ही, की मी काही वक्ता नव्हे. पलीकडून उत्तर आलं, "सर तरी कुठं वक्ते होते?" त्यावर बोलणंच खुंटलं. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण इथं जमलोय त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी ते पुन्हापुन्हा घेणार नाही. माईकवरून स्वतःचं नाव ऐकलं की सर मान खाली घालून चष्मा पुसत बसायचे, आणि पहिल्या दोन रांगांतल्या निम्म्या मंडळींनी ते पाहिलेलं आहे.

आठवीत असताना मी एक मेलेला चतुर काडेपेटीत घालून सरांकडे गेलो होतो. वाळल्या मिरचीसारखा लाल. म्हटलं, "सर, ह्याचं नाव काय?" सरांनी काडेपेटी उघडलीसुद्धा नाही. "कुठं घावला?" "घराकडं." "घराकडं म्हणजे? नाल्याला, विहिरीला, का भातात?" मला सांगता येईना. "मग आधी पत्ता आण जा. नाव कुठं पळून जात नाही."

तेव्हा वाटलं, सरांना नाव येत नसणार, म्हणून टाळलं. पुढं बऱ्याच वर्षांनी उलगडा झाला. बेळगावात माणूस ओळखायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नुसतं 'पाटील' म्हटलं तर कोण ओळखणार? पुढचा प्रश्न येतोच, "कुठल्या गल्लीतले?" गल्ली कळली की वाडा कळतो, वाडा कळला की आजोबासुद्धा निघतात. चतुरांची गल्ली म्हणजे पाणी. वाहतं की साचलेलं, उन्हातलं की झाडाखालचं, स्वच्छ की घाण. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी सरांचाच प्रश्न मथळा म्हणून घेतला आहे: कुठल्या पाण्याचा?

आधी नावाचं थोडं. आपल्याकडची पोरं ह्याला हेलिकॉप्टर म्हणतात. कानडी शेजाऱ्यांकडून मी 'एरोप्लेन चिट्टे' ऐकलंय. चिट्टे म्हणजे फुलपाखरू. दोन्ही भाषांना विमानच सुचलं. इंग्रजांना मात्र ह्या एवढ्याशा जिवात ड्रॅगन दिसला, आता काय बोलायचं. मराठीत अभ्यासक थोराड अंगाच्याला चतुर म्हणतात आणि सुईसारख्या सडपातळ, नाजूक उडणाऱ्याला टाचणी. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरले तर चतुर. पाठीवर मिटून घेतले तर बहुतेक टाचणी. 'बहुतेक' अशासाठी, की काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनच बसतात. अशा वेळी डोळे बघा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, डंबेलसारखे. चतुराचे डोळे टपोरे, बहुतेकांचे माथ्यावर एकमेकांना भिडलेले. भारतात दोन्ही मिळून सुमारे 500 जाती आहेत आणि त्यांतल्या 200च्या आसपास एकट्या सह्याद्रीत.

आता माझ्या काडेपेटीतल्या लालाकडे येतो. बेळगावच्या आसपास लाल चतुर सहज चार जातींचे दिसतात आणि चौघांची पाणी वेगळी. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या काठावर जो शेकड्यांनी बसलेला असतो, तो नारिंगीकडे झुकलेला आणि त्याच्या पंखांतही तीच नारिंगी धग. त्याचं शास्त्रीय नाव ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. कंटॅमिनाटा म्हणजे मळलेला, डागाळलेला. फॅब्रिशियस ह्या कीटकशास्त्रज्ञानं 1793 साली हे नाव ठेवलं ते पंखांवरच्या रंगामुळं असावं. आपल्या गटारांनी त्याला दुसरा अर्थ मिळवून दिला. एखाद्या तळ्यावर पूर्वी दहा जाती दिसायच्या आणि आता हा एकटाच दिसतो असं झालं, तर पाण्याची तपासणी न करताही पाणी कुठवर आलंय ते समजावं.

दुसरा भाताच्या वाफ्यातला. हा डोळ्यांपासून शेपटीपर्यंत कुंकवासारखा लाल आणि पोटाच्या पाठीवरून एक बारीक काळी रेघ. तिसरा मार्कंडेय नदीच्या काठचा, वाहत्या पाण्याजवळचा. त्याच्या लालात जांभळी झाक असते आणि पंखांच्या शिरासुद्धा लाल. चौथा जांबोटीकडच्या रानवाटेवर झाडीच्या आडोशानं बसतो. विटकरी रंगाचा, पंखांची टोकं सोडली तर पंखही विटकरीच. रंगावरून ओळखायला गेलात तर चौघेही लालच. पाणी विचारलंत तर निम्मं काम बसल्या जागी होतं. आणि हा लाल रंग नरांचा बरं का. माद्या पिवळट, मातकट. नवे नरही सुरुवातीला माद्यांसारखेच पिवळे असतात.

इथं मला माझी एक फजिती सांगायला हवी. येळ्ळूरच्या शिवारात बासमतीच्या वाफ्यांवर एक छोटा चतुर दिसतो. पंखांचा अंगाकडचा अर्धा भाग काळाभोर, त्याला लागून पांढरा पट्टा, टोकं काचेसारखी. बांधावरून तरंगत जातो तेव्हा फुलपाखरूच वाटतो. त्याच वाफ्यात दुसरा एक, पिवळ्या अंगाचा, पंखात पिवळ्यावर तपकिरी डाग. मी माझ्या वहीत दोन जाती लिहिल्या. एक वर्ष नाही, तीन वर्षं. दोघांची स्वतंत्र गणती ठेवली, पाऊस आणि तारखांशी ताडून बघितली, आणि दोघे नेहमी एकत्रच दिसतात ह्यावर एक छोटं टिपणसुद्धा लिहून काढलं. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "नवरा-बायको एकत्र दिसली तर आता टिपण लिहायचं का?" ते एकाच जातीचे नर-मादी होते. न्यूरोथेमिस टुलिया. पत्ता दोघांचा एकच होता आणि मी तो बघूनही बघितला नव्हता.

तेव्हापासून नाव लिहिण्याआधी मी जोडी लागायची वाट बघतो. चतुरांची जोडी लागते तेव्हा नर शेपटीच्या टोकाच्या चिमट्यांनी मादीची मान धरतो, मादी पोट वाकवून पुढं आणते, आणि दोघांचं मिळून हृदयासारखं कडं तयार होतं. अशी जोडी सापडली की कोण कुणाचं ह्यावर वाद उरत नाही.

किल्ल्याकडे वळतो. बेळगावच्या किल्ल्याच्या तटाला टेकून आपण सगळे कधी ना कधी उभे राहिलोय. पुढच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभे राहा. सरांनी मला तसंच उभं केलं होतं. "किती दिसतात?" मला एकही दिसेना. "पाच आहेत." मी नाक लावून बघितलं तेव्हा दगडाचा एक ठिपका हलला. राखाडी अंगावर काळे-पांढरे शिंतोडे, हुबेहूब दगडाचा पोत. इंग्रजीत ह्याला 'ग्रॅनाइट घोस्ट' म्हणतात, म्हणजे दगडातलं भूतच. पंख भिंतीला चिकटवून हा तासन्‌तास उभ्या भिंतीवर बसतो. ह्याचं पाणी मात्र किल्ल्याच्या तळ्याचं नव्हे. त्या तळ्याच्या, म्हणजे कोटे केरेच्या, काठावर हुडकत बसाल तर फसाल. खडकातल्या खळग्यात साचलेलं पावसाचं पाणी, घरामागचा सिमेंटचा हौद, गच्चीवरची उघडी टाकी, असं कुणाच्या खिजगणतीत नसलेलं पाणी ह्याला लागतं.

आमच्या हौदात एका वर्षी ह्याच्या अळ्या होत्या. चतुराची अळी पाण्यात राहते आणि तिची भूक दांडगी. डासांच्या अळ्या, बेडकाची पिलं, काहीही. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो हातासारखा पुढं फेकला जातो. पाण्यातून पळायचं झालं तर मागच्या टोकातून पाण्याची पिचकारी मारून सूंकन पुढं जाते. एका पहाटे पाचच्या सुमारास मी तोंड धुवायला गेलो तर एक अळी हौदाच्या भिंतीवर चढून थांबली होती. पाठीवर उभी चीर पडली आणि आतून फिकट, मऊ डोकं वर आलं. मग छाती, मग पाय. अर्धं अंग बाहेर काढून तो प्राणी उलटा लोंबकळत राहिला, इतका वेळ की मला वाटलं मेला. पाय वाळून ताठ होईपर्यंत तो वाट बघत होता. एकदम उसळून त्यानं स्वतःचीच कात पकडली आणि शेपूट ओढून काढली. पंख म्हणजे पाण्यात पडलेल्या कागदाचे चुरगाळलेले बोळे. ते हळूहळू उलगडत गेले, आधी दुधी, मग पारदर्शक. बायकोनं चहाला दोनदा हाक मारली. उजाडल्यावर तो उडाला आणि कात तिथंच राहिली. ती कात जपून ठेवा. पाण्यावर चतुर उडतोय म्हणजे तो तिथलाच असं नाही, पाहुणाही असेल. कात मिळाली तर तो तिथंच वाढला ह्याचा पुरावा हातात येतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर उताऱ्यावर नाव लागलं.

आता निपाणीकडे जाऊ. निपाणी ते कणकुंबी हे अंतर तसं किरकोळ, सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो. पण चतुरांच्या हिशेबात एवढ्या पट्ट्यात मुलूखच्या मुलूख बदलतात. तवंदीचा घाट उतरला की तंबाखूची काळी रानं, उघडं आभाळ, संथ वेदगंगा. इकडं खानापूरच्या पश्चिमेला सदाहरित जंगल आणि दगडांतून उड्या मारणारे ओढे. दोन टोकांचे चतुर एकमेकांना कधी भेटतही नसतील.

यमगर्णीच्या पुलाजवळ वेदगंगेच्या काठावर मी एकदा काठी रोवून बसलो होतो. एक शेतकरी म्हैस घेऊन आले. "काय हुडकूलाय?" हा शब्द मला फार आवडतो. पुण्याचा माणूस शोधतो, आपण हुडकतो, आणि हा शब्द आपण कानडीकडून घेतला की कानडीनं दिला ह्यावर कुणी भांडत नाही. मी म्हटलं, "हेलिकॉप्टर." "मग काठी कशाला?" "त्याला बसायला." ते म्हशीसकट थांबले. काळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाशी पानासारखे दोन पदर असलेला एक दांडगा चतुर असतो. त्याला पाण्यालगतची, वाळकी, एकटी काठी लागते. वीसेक मिनिटांत तो आला, बसला, उडाला, एक माशी धरून परत त्याच काठीवर आला. असं चार वेळा. "त्यो परत परत तिथंच येतोय की!" शेतकरी म्हणाले. हुडकण्याचं अर्धं शास्त्र ह्या एका वाक्यात आहे. चतुराच्या मागं धावू नका. त्याची बसायची जागा हेरा आणि तिथंच थांबा. ऊन असताना, सकाळी नऊनंतर. ढग आला की सगळे गडप होतात. भर दुपारी काही चतुर शेपूट सरळ सूर्याकडे रोखून शीर्षासनासारखे बसतात. उन्हाचा मारा अंगावर कमीत कमी पडावा म्हणून ती युक्ती.

पण ह्याच निपाणीच्या रानात सप्टेंबरमध्ये असा एक चतुर येतो की सरांचा प्रश्नच त्याला लागू पडत नाही. सोनेरी पिवळा, मागचे पंख बुडाशी रुंद, कधी बसताना दिसत नाही. बसलाच तर काडीला खाली लोंबकळतो. शिवारावर शेकडोंनी घिरट्या घालतात. आजी म्हणायची, "हेलिकॉप्टर खाली आली, पाऊस येणार बघ." हा पँटाला फ्लावेसेन्स. आपल्याकडे मुरलेल्या माणसाला बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात; ह्यानं बारा देशांचं प्यालंय. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन ह्यांच्या लक्षात आलं, की जिथं गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हे लाखोंनी उतरतात. आले कुठून? नोंदी जुळवत त्यांनी 2009 साली तर्क मांडला, की हे भारताकडून वाऱ्याच्या उंच थरात शिरतात, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर परत येतात. सगळा फेरा 14,000 ते 18,000 किलोमीटरचा, तीन-चार पिढ्या मिळून पुरा केलेला. मालदीवच्या लोकांचंही जुनं पंचांग आपल्यासारखं नक्षत्रांवर चालतं; नक्षत्राला ते 'नकै' म्हणतात. आपल्या चित्रा-स्वातीत निपाणीवरून दिसेनासा झालेला जीव त्यांच्या त्याच नक्षत्रांत तिथं उतरत असेल.

ह्या प्रवाशाला डबकं म्हणून डबकं चालतं. पावसानं साचलेल्या पाण्यात अंडी घातली की दीड-दोन महिन्यांत पुढची पिढी उडते, डबकं आटायच्या आत. घाईत चूकही करतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्याला पाण्याची खूण पटवतो, आणि चकचकीत मोटारीचा टपही तसाच चमकतो. नव्या गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवत अंडी घालणारी मादी मी ह्याच शहरात पार्किंगमध्ये पाहिली आहे. कुठल्या पाण्याची? उत्तर आहे, पाणी नसलेल्या पाण्याची.

दुसरं टोक खानापूरचं. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी, भीमगडचं रान, चोर्ल्याची झाडी. इथल्या ओढ्यांवर एक टाचणीच्या गटातला राजबिंडा आहे. पंख मिटून बसला तर करडा काळपट. उघडले की मागच्या पंखांवरून हिरवा-निळा धातूचा झगमगाट होतो आणि लगेच विझतो. एका पाच वर्षांच्या पोरानं त्याला "लाइट मारणारा" म्हटलं, मला त्याहून चांगलं नाव सुचलेलं नाही. वाहत्या, सावलीतल्या, थंड पाण्याशिवाय तो राहत नाही. ओढ्यावरची झाडं तोडली की ओढा तसाच वाहत असतो आणि हा गेलेला असतो.

ह्या भागातल्या चतुरांच्या अभ्यासाचा पाया घातला तो फ्रेझर ह्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरनं. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतले त्याचे तीन खंड 1933, 1934 आणि 1936 साली निघाले आणि आजही गाडं अडलं की तिथंच जावं लागतं. सामान्य माणसाच्या हातात पुस्तक आलं ते 2005 साली, के. ए. सुब्रमणियन ह्यांचं. त्यानंतर आपल्या अंगणात काय घडलं बघा. 2013 मध्ये गोव्याच्या जंगलातून इडिओनिक्स गोमंतकेन्सिस. 2019 मध्ये सिंधुदुर्गातून शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत ह्यांनी एक नवी टाचणी जगापुढं आणली. 2022 मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळवरून एका नव्या चतुराचं नाव ठेवलं गेलं: बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. चौकुळ! चंदगडची माणसं इथं बसलीत, त्यांना गाव ठाऊक आहे. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात त्या चतुराला आता गावाच्या नावानंच हाक मारावी लागणार. शास्त्रज्ञांनीसुद्धा शेवटी पत्ताच नाव म्हणून लिहिला, हे ऐकून सर खूश झाले असते. ते तेव्हा नव्हते.

ह्या गोम्फिडी कुळातल्या चतुरांचे डोळे एकमेकांपासून दूर असतात आणि अंगावर काळं-पिवळं नक्षीकाम. नक्षी सगळ्यांची जवळजवळ सारखी. ओळख ठरते ती नराच्या शेपटीच्या टोकावरच्या चिमट्यांच्या आकारावर, म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबात. म्हणून फोटो काढणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती. तोंडाचा सुंदर फोटो घरी लावायला ठेवा. ओळखीसाठी एक बाजूनं, एक वरून आणि एक शेपटीच्या टोकाचा काढा. आणि चौथा पाण्याचा. तो कुणीच काढत नाही.

सरांच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. आखलेले पाच रकाने: तारीख, पाणी, बसणं, नर-मादी, नाव. पहिले चार भरलेले आणि पाचवा कोरा, अशा ओळी पानोपानी आहेत. एका ओळीत जांबोटीपुढच्या एका ओढ्याचं वर्णन आहे: कंबरभर डोह, वर जांभळाचं झाड, दगडावर ऊन फक्त अकरा ते साडेबारा. बसणं: पाण्यातल्या दगडावर, तोंड प्रवाहाकडे. काळा-पिवळा, डोळे दूर. नर. नावाच्या रकान्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, तेही पुढं खोडलेलं. मी त्या डोहाशी सहा वेळा जाऊन आलोय. जांभूळ आहे, ऊन त्याच वेळी येतं. चौथ्या खेपेला तो दगडावर आला, जेमतेम वीस सेकंद. कॅमेऱ्याचं झाकण उघडेपर्यंत गेला. मी सरांच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली आणि पाचवा रकाना तसाच सोडला.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला किल्ल्याच्या तटापाशी ज्यांना यायचंय त्यांनी या. दुर्बीण असेल तर आणा, नसली तर वही पुरे. आभाळ भरलेलं असेल तर घरीच थांबा, चतुरही येणार नाहीत.